एकच पान सगळ्या ब्राउझरांत हुबेहूब दिसण्याची अट कुठवर पाळता येते?

दादरकर_वेब यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

दादरमध्ये आमचा छोटा गट संकेतस्थळे बांधण्याचे काम करतो. सध्या गिरगावातील एका जुन्या प्रकाशनसंस्थेचे काम हाती आहे. पुस्तकांची सूची, काही पुस्तकांतील नमुना प्रकरणे, मागणी नोंदवण्याचा अर्ज आणि प्रकाशन समारंभाच्या नावनोंदणीचा अर्ज असे त्याचे स्वरूप आहे. आराखडा १४४० पिक्सेल रुंदीच्या एकाच चित्रावर मंजूर झाला आणि करारपत्रात ‘मंजूर आराखड्याप्रमाणे सर्व ब्राउझरांत व सर्व उपकरणांवर हुबेहूब’ असे वाक्य आले. प्रकाशक मंडळी छपाईत मुरलेली आहेत. तपासलेले प्रूफ आणि छापून आलेला फर्मा यांत फरक दिसला की काम थांबवायचे, ही त्यांची शिस्त आहे आणि त्यांच्या व्यवसायात ती रास्तच आहे.

आता त्यांनी निरनिराळ्या पडद्यांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावून, फरकांभोवती लाल वर्तुळे काढून पाठवली आहेत. विंडोजवरील क्रोममध्ये ‘एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथ’ हे शीर्षक दोन ओळींत जाते, तर कार्यालयातील आयमॅकवर ते एका ओळीत मावते. काउंटरवरील अँड्रॉइड फोनवर ‘दुर्मीळ’ या बटणातला रफार वरून आणि उकार खालून कापला जातो. मालकांच्या आयफोनवर तळाशी असलेले ‘मागणी नोंदवा’ हे बटण ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीमागे जाते. तारीख निवडण्याचा रकाना तर प्रत्येक ठिकाणी वेगळाच दिसतो.

माझ्या सहकाऱ्याचे मत असे आहे की सगळी मापे पिक्सेलमध्ये पक्की करावीत आणि शीर्षकांची चित्रे करून टाकावीत, म्हणजे तक्रारीला जागाच उरणार नाही. मला ते पटत नाही, परंतु ग्राहकासमोर मांडण्याइतकी माझी बाजू पक्की झालेली नाही. मांडणीवरचा आपला ताबा नेमका कुठे संपतो, यांपैकी काय दुरुस्त करायलाच हवे आणि करारपत्रात ‘हुबेहूब’च्या जागी काय लिहावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


चौकट_अंधेरी यांचे उत्तर

आलेल्या वर्तुळांची आधी फरक आणि दोष अशी विभागणी करा. शीर्षक एका यंत्रावर एका ओळीत आणि दुसऱ्यावर दोन ओळींत येणे हा फरक आहे. त्यामुळे वाचकाचे काही अडत नाही. अक्षर कापले जाणे किंवा बटण दाबता न येणे हे दोष आहेत, मग ते पान आराखड्याशी कितीही जुळलेले असो. दोषांना लागेल तेवढा वेळ द्यावा. फरक पुसण्यासाठी घातलेला वेळ बहुतेक वेळा नवे दोष निर्माण करतो, कारण शीर्षक एका ओळीत बसवण्यासाठी चौकटीची उंची आणि रुंदी पक्की केली की पुढच्या एखाद्या यंत्रावर तेच शीर्षक त्या चौकटीत मावेनासे होते.

ताब्याची मर्यादा ही या तंत्रात राहून गेलेली उणीव आहे असा ग्राहकांचा समज असतो, म्हणून थोडा इतिहास त्यांच्यापुढे ठेवावा. हाकोन व्युम ली यांनी सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत काम करत असताना ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसचा, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमभाषेचा, पहिला प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. पानाचे रूप ठरवताना लेखकाबरोबर वाचकाच्या पसंतीलाही स्थान असावे, हा विचार त्या पहिल्या प्रस्तावातच होता. आजच्या नियमांतही ब्राउझर, वाचक आणि लेखक असे तीन पक्ष आहेत. सामान्य नियमांत लेखकाचा शब्द सर्वांत वरचा मानला जातो. परंतु ‘इम्पॉर्टंट’ अशी खूण केलेल्या नियमांत हा क्रम उलटतो आणि वाचकाचा नियम लेखकाच्या नियमावर मात करतो. लेखकाने काहीही केले तरी ही वरची जागा त्याला मिळत नाही, आणि ती तशीच असायला हवी असे माझे ठाम मत आहे.

आता इंजिनांविषयी. ब्राउझरांची नावे पुष्कळ असली तरी पान मांडणारी प्रमुख इंजिने आज तीनच उरली आहेत: ब्लिंक (क्रोमचे), वेबकिट (सफारीचे) आणि गेको (फायरफॉक्सचे). ऑपेराने २०१३ मध्ये स्वतःचे प्रेस्टो इंजिन सोडले, मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एजला क्रोमियमच्या, म्हणजे क्रोममागच्या मुक्त प्रकल्पाच्या, पायावर आणले आणि जून २०२२ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ११ निवृत्त झाला. आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम घेतले काय किंवा फायरफॉक्स घेतले काय, आत वेबकिटच चालते. त्यामुळे मालकांनी फोनवर दुसरा ब्राउझर बसवून पाहिला तरी मूळ इंजिन बदलणार नाही. मांडणीच्या नियमांच्या बाबतीत ही इंजिने पूर्वीपेक्षा फार जवळ आली आहेत. ग्रिड ही रांगा-स्तंभांची मांडणी मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी या तिन्हींत एकाच महिन्यात आली, आणि २०२२ पासून इंटरॉप या उपक्रमात अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला मिळून ठरावीक चाचण्यांवर आपापल्या इंजिनांतील तफावत कमी करत आहेत. ज्यांनी इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळात काम केले आहे त्यांना हा बदल किती मोठा आहे हे सांगायला नको.

तरीही तफावत शून्यावर येत नाही. ब्लिंक आणि वेबकिट लांबी मोजताना पिक्सेलचा चौसष्टावा भाग हे सर्वांत लहान एकक धरतात, तर गेको साठावा भाग धरतो. म्हणून तीन स्तंभांना प्रत्येकी एक तृतीयांश रुंदी दिली की उरलेला अंश प्रत्येक इंजिन आपल्या पद्धतीने जिरवते. विंडोजवर स्क्रोलपट्टी सहसा पानाच्या रुंदीतूनच जागा घेते, मॅकवर ती बहुतेक वेळा मजकुरावर तरंगते. त्यामुळे ‘१०० व्हीडब्ल्यू’ (स्क्रोलपट्टीसह खिडकीची पूर्ण) रुंदी दिलेला पट्टा मॅकवर नीट दिसतो आणि विंडोजवर पान आडवे सरकू लागते. तिथे शंभर टक्के रुंदी द्यावी, प्रश्न मिटतो.

आयफोनवरचे बटण हा मात्र खरा दोष आहे आणि तो पूर्णपणे दुरुस्त होतो. आपण पानाची उंची ‘१०० व्हीएच’, म्हणजे खिडकीची पूर्ण उंची, दिली असणार. फोनवर पत्त्याची पट्टी कधी पूर्ण दिसते, कधी आक्रसते, आणि व्हीएच हे एकक पट्टी आक्रसल्यावर मिळणारी मोठी उंची धरते. आयओएस १५ पासून ती पट्टी मूळ मांडणीत तळाशी आल्यामुळे तळाचे बटण नेमके तिच्यामागे जाते. यासाठीच एसव्हीएच (पट्टी पूर्ण दिसत असतानाची लहान उंची), एलव्हीएच (पट्टी आक्रसल्यावरची मोठी उंची) आणि डीव्हीएच (पट्टीबरोबर बदलणारी उंची) ही तीन एकके आली. सफारीने ती मार्च २०२२ मध्ये आवृत्ती १५.४ पासून घेतली आणि क्रोमने त्याच वर्षाच्या अखेरीस आवृत्ती १०८ पासून. डीव्हीएच वापरले तर पट्टी हलताच बटणही हलते आणि बोट चुकते, म्हणून अशा बटणासाठी मी एसव्हीएच सुचवीन. आधी व्हीएचची ओळ लिहावी आणि तिच्याखाली एसव्हीएचची. ज्या जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ कळत नाही तो ती सोडून देतो आणि पहिली पाळतो.

शीर्षक आणि कापलेला रफार हे मुख्यतः फॉन्टचे प्रश्न आहेत. त्यावर माझ्यापेक्षा अक्षरांच्या व्यवसायातील कोणी लिहिलेले बरे.


अक्षरजुळणी_माहीम यांचे उत्तर

चौकट यांनी इंजिनांबद्दल लिहिले आहे, त्याला जोडून देवनागरीपुरते सांगतो. मराठी पानांच्या बाबतीत इंजिनांतील तफावतीपेक्षा फॉन्टांतील तफावत कितीतरी जास्त त्रास देते.

आपण पानाबरोबर स्वतःचा फॉन्ट पाठवला नाही तर प्रत्येक यंत्रणा आपल्याजवळचा फॉन्ट लावते. विंडोज ८ पासून निर्मला यूआय, त्याआधी मंगल, अ‍ॅपलच्या यंत्रांवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी. एकाच आकारात या प्रत्येकाची रुंदी वेगळी भरते, शिरोरेखेची जाडी वेगळी असते आणि काही जोडाक्षरांची घडणही वेगळी असते. मंगल हा फॉन्ट आपल्या मुंबईचे सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवला आणि अनेक वर्षे विंडोजवरच्या मराठीचा चेहरा तोच होता. पण तो पडद्यावरच्या लहान अक्षरांसाठी घडवलेला होता आणि त्याच्या रुंदीवर बेतलेली ओळ कोहिनूरमध्ये तशीच तुटेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिली गोष्ट, फॉन्ट आपला पाठवा. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या गटाने घडवलेले मुक्त परवान्याचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट सहज मिळतात आणि दीर्घ मजकुरासाठी ‘मुक्त’ चांगला चालतो. फाइल वॉफ२ या वेबसाठीच्या आटोपशीर फॉन्ट-स्वरूपात द्या, परंतु ती हलकी करण्याच्या नादात अक्षरांची निवड स्वयंचलित साधनावर सोडू नका. देवनागरी फॉन्टमध्ये युनिकोडचे (अक्षरांना ठरलेले क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीचे) क्रमांक नसलेली शेकडो जोडाक्षररूपे असतात आणि ती कधी वापरायची याचे नियमही फाइलमध्येच असतात. हे नियम गळाले की ‘ग्रंथ’ या शब्दात ‘ग’ला हलन्त लागून ‘र’ सुटा पडलेला दिसतो.

दुसरी गोष्ट, मूळ एचटीएमएल टॅगवर भाषा ‘एमआर’ अशी नोंदवा. मराठी वळणाचे ल आणि श ज्या फॉन्टांत स्वतंत्र दिलेले आहेत, त्यांत ते या नोंदीवरूनच निवडले जातात. नोंद नसेल तर हिंदी वळणाचा ल येतो, आणि जुन्या प्रकाशनसंस्थेच्या मंडळींना तो पहिल्या नजरेत खटकतो.

आता ‘दुर्मीळ’ या बटणाकडे येऊ. या एका शब्दात दला खाली उकार आहे आणि मच्या डोक्यावर वेलांटी व रफार एकत्र आहेत. रोमन लिपीसाठी बेतलेल्या बटणाची उंची पक्की असते, ओळीची उंची अक्षराएवढीच ठेवलेली असते आणि चौकटीबाहेर जाणारा भाग लपवण्याचा नियम लावलेला असतो. अशा बटणात ‘नवे’ हा शब्द छान बसतो आणि ‘दुर्मीळ’ कापला जातो. भरीस भर म्हणजे अक्षराची वरची आणि खालची मर्यादा फॉन्टच्या फाइलमध्ये दोन तक्त्यांतील तीन वेगवेगळ्या नोंदींत दिलेली असते आणि विंडोज व मॅक यांनी एकच नोंद उचलावी अशी सक्ती नाही. त्या तिन्ही नोंदी जुळवलेल्या नसतील तर तोच फॉन्ट एका यंत्रावर थोडा वर आणि दुसऱ्यावर थोडा खाली बसलेला दिसतो. उपाय असा की बटणाला उंची देऊच नये; वर-खाली अक्षराच्या आकाराच्या प्रमाणात मोकळी जागा द्यावी, किमान उंची ठरवावी, आणि लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, ‘नॉर्मल’ न ठेवता एककाशिवाय आकडा लिहावा. देवनागरी मजकुरासाठी मी १.६ च्या खाली जात नाही. नमुना प्रकरणांना १.७ किंवा १.८ देऊन पाहा.

शीर्षकाच्या ओळी सगळीकडे तंतोतंत एकाच ठिकाणी तुटाव्यात हा आग्रह सोडून द्यावा लागेल. स्वतःचा फॉन्ट दिला तरी तो पोहोचेपर्यंत काही क्षण यंत्रातला फॉन्ट दिसतो, आणि मंद जोडणीवर तो क्षण लांबतो. ‘टेक्स्ट-रॅप: बॅलन्स’ हा सीएसएसचा नियम दिल्यास दोन ओळी झाल्या तरी त्या साधारण सारख्या लांबीच्या होतात आणि एकटा ‘ग्रंथ’ खाली लोंबकळत नाही. ज्या ब्राउझरला हे कळत नाही तिथे नेहमीसारखी ओळ तुटेल, एवढेच.

आणखी दोन ठिकाणी जपावे लागेल. आराखड्यात शीर्षकांना अक्षरांतील अंतर वाढवून दिलेले असेल तर ते काढून टाका. देवनागरीत त्याने शिरोरेखा तुटते आणि शब्द फुटल्यासारखा दिसतो. नमुना प्रकरणाच्या आरंभी मोठे अक्षर ठेवण्याची प्रकाशकांची इच्छा असेल तर तेही जपून करा. प्रकरण ‘स्त्री’ या शब्दाने सुरू होत असेल तर पहिले अक्षर कुठे संपते? युनिकोडच्या जुन्या नियमानुसार ‘स्’नंतर तोडता येत असे, २०२३ मध्ये आवृत्ती १५.१ ने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम घातला. त्यामुळे ब्राउझर आणि त्याची आवृत्ती यांनुसार परिणाम बदलू शकतो. मी अशा ठिकाणी पहिले अक्षर स्वतः वेगळ्या टॅगमध्ये घालतो, म्हणजे ते कुठे तोडायचे हा निर्णय ब्राउझरकडे जात नाही.

युनिकोड रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या सांकेतिक फॉन्टांत असत. इंटरनेट एक्सप्लोररसाठी ईओटी फाइल, नेटस्केपसाठी पीएफआर फाइल, आणि ज्या यंत्रावर यांपैकी काहीच चालत नसे तिथे रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता. त्या पानांचे रूप योग्य यंत्रावर अगदी पक्के असे, पण त्यांतला मजकूर शोधता येत नसे आणि दुसरीकडे चिकटवला की निरुपयोगी होत असे. आज तो बराचसा मजकूर संग्रहातूनही धड वाचता येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.


पार्ले_वाचक यांचे उत्तर

मी संकेतस्थळांची सुगम्यता, म्हणजे ती अपंग व्यक्तींनाही वापरता येतात का, हे तपासण्याचे काम करतो आणि माझी स्वतःची दृष्टी कमी आहे, त्यामुळे या प्रश्नात मला दोन्हीकडून रस आहे.

शीर्षकांची चित्रे करण्याचा विचार कृपया सोडून द्या. चित्रातले अक्षर मोठे केले की धूसर होते, पडदावाचक (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे साधन) त्याला वाचू शकत नाही, आणि सोबत पर्यायी मजकूर दिला तरी तो निवडता किंवा नक्कल करता येत नाही. प्रकाशनसंस्थेचे सर्वांत मोठे भांडवल म्हणजे पुस्तकांची आणि लेखकांची नावे. ती चित्रात कोंडली तर शोधयंत्रालाही धड सापडणार नाहीत. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, बोधचिन्हासारखे अपवाद सोडून, मजकुराची चित्रे टाळावीत असे स्पष्ट म्हटले आहे.

सर्व मापे पिक्सेलमध्ये पक्की करण्याचा तोटा चटकन दिसत नाही, म्हणून तो उलगडून सांगतो. ब्राउझरमध्ये अक्षर मोठे करण्याचे दोन मार्ग आहेत. एकात संपूर्ण पान फुगते, त्यात पिक्सेलची मापेही वाढतात. दुसऱ्यात वाचक सेटिंगमध्ये जाऊन मूळ अक्षराचा आकार, जो सहसा १६ पिक्सेल असतो, तो वाढवून ठेवतो. हा दुसरा मार्ग रेम, एम (अक्षराच्या आकाराच्या पटीतील एकके) किंवा टक्क्यांत दिलेल्या अक्षरांनाच लागू पडतो. पिक्सेलमध्ये लिहिलेले अक्षर जागचे हलत नाही, आणि माझ्यासारख्या वाचकाने एकदा करून ठेवलेली सोय आपल्या पानावर निष्फळ ठरते. आपल्या सहकाऱ्यांचा हेतू मी समजू शकतो, पण परिणाम असा होतो.

याच तत्त्वांत दोन मोजता येण्याजोग्या कसोट्या आहेत आणि त्या ग्राहकासमोर ठेवण्यास सोयीच्या आहेत. अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवले तरी मजकूर किंवा सोय हरवता कामा नये. आणि ३२० सीएसएस पिक्सेल रुंदीत, म्हणजे १२८० पिक्सेल रुंद पडद्यावर पान ४०० टक्के मोठे केल्यावर जी रुंदी उरते तिच्यात, वाचण्यासाठी पान आडवे सरकवावे लागू नये. काउंटरवरच्या ज्या फोनवर ‘दुर्मीळ’ कापला गेला, त्या फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवलेला आहे का, हे अवश्य पाहा. बहुतेक असेल. तसे असेल तर तो फोन आपल्याला फार उपयोगाची माहिती देत आहे.

याशिवाय पुष्कळ वाचक पान आपल्या मूळ रूपात पाहतच नाहीत. सॅमसंगच्या ब्राउझरमधील गडद रूप आपण दिलेले रंग उलटवू शकते, ऑपेरा मिनीच्या बचतीच्या पद्धतीत पान आधी त्यांच्या सर्व्हरवर आटवले जाते आणि मग फोनवर येते, सफारी व फायरफॉक्समधील वाचन-दृश्य तर मांडणी पूर्णपणे बाजूला ठेवून फक्त मजकूर दाखवते. विरारहून चर्चगेटला उभ्याने येताना एका हाताने कथा वाचणाऱ्या माणसाला हेच वाचन-दृश्य हवे असते. त्याला ते नीट मिळावे म्हणून शीर्षकांना शीर्षकांचे आणि परिच्छेदांना परिच्छेदांचे टॅग द्या. पान आपल्या हातातून सुटल्यावर पुढे त्याचाच आधार राहतो.


दादरकर_वेब यांचा पुढील प्रश्न

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पार्ले_वाचक यांनी म्हटल्याप्रमाणे त्या फोनवर अक्षराचा आकार खरोखरच वाढवलेला होता. बटणांची पक्की उंची काढल्यावर रफार आणि उकार दोन्ही पूर्ण दिसू लागले.

दोन बाबी अजून अडलेल्या आहेत. तारखेचा आणि ‘विषय निवडा’चा रकाना सगळीकडे एकसारखा करता येईल का? आणि मागणीची पावती ए४ कागदावर छापली जाते, ती तरी प्रत्येक ठिकाणी तंतोतंत सारखी यावी असा प्रकाशकांचा आग्रह आहे. पावतीच्या बाबतीत मला तो योग्य वाटतो.


चौकट_अंधेरी यांचे उत्तर

तारखेचा रकाना ब्राउझर आणि फोनची यंत्रणा मिळून काढतात. दिवस आधी की महिना आधी हेही वाचकाच्या यंत्रावरील भाषेच्या आणि प्रदेशाच्या निवडीवरून ठरते, आपल्या पानावरून ठरत नाही; मात्र सर्व्हरकडे येणारे मूल्य नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने येते, त्यामुळे नोंदीत गोंधळ होण्याचे कारण नाही. स्वतःची दिनदर्शिका बनवता येते, परंतु मग कळफलक, पडदावाचक आणि लहान पडदा या सगळ्यांची जबाबदारी आपल्यावर येते. शिवाय वाचकाला आपल्या फोनवरचा तारखेचा रकाना रोजच्या वापराने ठाऊक असतो, तर आपला त्याला नव्याने शिकावा लागतो. प्रकाशन समारंभांच्या तारखा मोजक्याच असतील, तर तारखेचा रकाना काढून त्या तारखांची साधी निवड-बटणेच द्या.

‘विषय निवडा’चा बंद असलेला चौकोन ‘अपिअरन्स: नन’ हा नियम (ब्राउझरचे मूळ रूप काढणारा) देऊन बराचसा एकसारखा करता येतो. उघडणारी यादी मात्र आयफोनवर आयफोनची आणि अँड्रॉइडवर अँड्रॉइडची राहील. क्रोममध्ये २०२५ पासून ती यादीही सजवण्याची सोय आली आहे. इतर ब्राउझरांत तिच्यावर विसंबून राहू नये, पण ती लावल्याने कुणाचे बिघडतही नाही.


छापखाना_लालबाग यांचे उत्तर

पावतीसाठी ब्राउझरच्या छपाईवर अवलंबून राहू नका. पानाचा आकार आणि समास सीएसएसमध्ये लिहिता येतात, पण छपाईच्या खिडकीत वाचक समास बदलू शकतो, डोक्यावर पत्ता आणि तारीख येऊ देऊ शकतो, आणि पार्श्वभूमीचे रंग तर सहसा आपण होऊन छापले जातच नाहीत.

जिथे जागच्या जागी तीच ओळ हवी, तिथे सर्व्हरवर पीडीएफ तयार करा. त्यात फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला असतो आणि प्रत्येक अक्षराचे स्थान ठरलेले असते. मराठीच्या बाबतीत एक दक्षता घ्यावी लागते: पीडीएफ बनवणाऱ्या काही लायब्ररी जोडाक्षरे जुळवण्याची पायरी करतच नाहीत, त्यामुळे ‘किंमत’मधील ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते. सर्व्हरवर खिडकीविना चालणाऱ्या क्रोमकडून पीडीएफ काढून घेतली तर हा प्रश्न येत नाही, कारण अक्षरजुळणी ब्राउझरच करतो. छापण्याआधी ‘कर्त्री’, ‘वाङ्मय’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘श्रृंखला’ नव्हे तर ‘शृंखला’, अशी काही नावे घालून नमुना काढा आणि प्रकाशकांच्या मुद्रितशोधकाकडूनच तपासून घ्या. त्यांची नजर आपल्यापेक्षा तयार असते.


निविदा_फोर्ट यांचे उत्तर

करारपत्राचा मुद्दा राहिला आहे, म्हणून लिहितो. मी संस्थांसाठी संगणकीय कामांच्या निविदा आणि करार तयार करतो.

‘हुबेहूब’ हा शब्द स्वीकृतीची कसोटी म्हणून निरुपयोगी आहे, कारण काम पुरे झाले की नाही हे तो कुणालाच सांगू शकत नाही. त्याऐवजी कुठे तपासायचे आणि काय तपासायचे हे लिहा. कुठे, म्हणजे विंडोजवरील क्रोम, एज आणि फायरफॉक्स, मॅक व आयफोनवरील सफारी, अँड्रॉइडवरील क्रोम. यांची हस्तांतराच्या दिवशी चालू असलेली आवृत्ती आणि तिच्या आधीची एक. काय, याचा मसुदा मी असा करीन: ‘वरील सर्व ब्राउझरांत मजकुराचा क्रम व आशय समान राहील; ३२० पिक्सेल आणि त्याहून अधिक रुंदीत तसेच अक्षर २०० टक्के मोठे केले असता कोणतेही अक्षर कापले जाणार नाही, कोणताही घटक दुसऱ्यावर चढणार नाही आणि प्रत्येक बटण व रकाना वापरता येईल; फॉन्ट, रंग आणि घटकांमधील अंतरांचे प्रमाण मंजूर नमुन्याप्रमाणे राहील. ओळी कोठे तुटतात, अक्षरांच्या कडा किती ठळक दिसतात आणि ब्राउझर अथवा यंत्रणेने काढलेले रकाने कसे दिसतात, यांतील तफावत दोष मानली जाणार नाही.’ याच्या जोडीला, पावती पीडीएफमध्ये दिली जाईल आणि ती मंजूर नमुन्याशी तंतोतंत जुळेल, असे वेगळे कलम घाला. प्रकाशकांचा तंतोतंतपणाचा आग्रह जिथे पुरा करता येतो तिथे तो लेखी पुरा करून दिला, की बाकीची कलमे मान्य होण्यास अडचण येत नाही, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या कामापासून मंजुरी चित्रावर घेऊ नका. फोन, टॅब्लेट आणि संगणक अशा तीन रुंदींची साधी पाने बांधून ती ग्राहकाच्या स्वतःच्या यंत्रांवर उघडून दाखवा आणि त्यांवर स्वाक्षरी घ्या.

शेवटचे कलम देखभालीचे. क्रोमची नवी आवृत्ती २०२१ पासून साधारण दर चार आठवड्यांनी येत आहे आणि फायरफॉक्सचीही गती तशीच आहे. हस्तांतरानंतर एखाद्या नव्या आवृत्तीमुळे काही बिघडले तर ते किती महिन्यांपर्यंत विनामूल्य दुरुस्त करून द्याल आणि त्यानंतर कोणत्या दराने, हे आत्ताच लिहून ठेवा. सध्याचा करार झालेला असल्यामुळे हे सर्व पुरवणी करार म्हणून जोडावे लागेल; दोन्ही बाजूंच्या स्वाक्षऱ्या झाल्यावर मूळ करारातील ‘हुबेहूब’चे कलम रद्द झाल्याचे त्यात स्पष्ट नमूद करा, नाहीतर दोन्ही कलमे एकाच वेळी लागू राहतील.